विहिरीतल्या पाण्याची आणि गाळाची खोली प्रतिध्वनीने मोजता येईल का?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या आमच्या मळ्यात आजोबांनी पाडलेली दगडी बांधकामाची विहीर आहे. तिचा व्यास २० फूट. खोलीविषयी मात्र घरात एकच वाक्य चालत आले आहे, "नऊ परस विहीर आहे." आमच्याकडे परस म्हणजे उभ्या माणसाची उंची, म्हणून मी सहा फुटांचा परस धरून ५४ फूट असा हिशेब करत आलो. सध्या पाणी काठापासून २२ फुटांवर आहे, म्हणजे पाणी आणि गाळ मिळून ३२ फूट असायला हवेत.

यंदा गाळ काढायचे ठरवले आहे. यारीवाला (यारी म्हणजे विहिरीतला गाळ वर ओढणारे यंत्र) पाहणीला आला, त्याने काठावरून एक दगड आत टाकला, 'डुबुक' असा आवाज कान देऊन ऐकला आणि "दहा फूट गाळ आहे, ३१ ब्रास धरा" (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) असे सांगून रक्कमही ठरवून टाकली. मला ते पटले नाही. मी दोरीला धोंडा बांधून तीनदा मोजले, तर पाण्याच्या पृष्ठभागापासून अनुक्रमे साडेचोवीस, सत्तावीस आणि पावणेसव्वीस फूट अशी तीन वेगळी उत्तरे आली. धोंडा गाळात कधी कमी रुततो, कधी जास्त, आणि दोरी सैल पडली हे हाताला नेमके कळत नाही.

समुद्रात जहाजे आवाज सोडून खोली मोजतात असे शाळेत शिकलो होतो. काठावर उभे राहून टाळी वाजवली तर विहीर चांगली घुमते. मग या आवाजाने माझे काम होईल का? यारीवाल्याला पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचे आहे.

कुंदाप्रेमी

आमच्या विहिरीत वाकून "पाणी आहे का, किती आहे?" असे विचारले की ती "आहे… आहे…" एवढेच सांगते. आकडा मात्र कधीच सांगत नाही. आमच्या तलाठ्यासारखी आहे.

वर्गातला_फळा

दूधगंगाकाठ, आपण एकाच वाक्यात दोन निराळे प्रश्न विचारले आहेत. खानापुरात छत्तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे मला ते वेगळे केल्यावाचून राहवत नाही.

पाणी काठापासून किती खाली आहे, हा पहिला प्रश्न. पृष्ठभागापासून तळ किती खोल आहे, हा दुसरा. काठावरून वाजवलेली टाळी फार तर पहिल्याचे उत्तर देईल, दुसऱ्याचे कधीही देणार नाही. हवेतून आलेला आवाज पाण्यावर आदळला की त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते आणि हजारातला सुमारे एकच भाग पाण्यात शिरतो. तो भाग तळापर्यंत जाऊन पुन्हा वर आला, तरी हवेत बाहेर पडताना त्याचाही पुन्हा हजारावा हिस्साच उरणार. आपल्या कानाला त्यातले काय ऐकू येणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तरही कानाने मिळणार नाही. मूळ आवाज आणि प्रतिध्वनी वेगळे ऐकू यायला त्यांच्यात निदान ०.१ सेकंदाचे अंतर लागते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, म्हणून परावर्तक पृष्ठभाग किमान १७ मीटर दूर हवा. आपले पाणी आहे ६.७ मीटरवर, म्हणजे आवाज ०.०४ सेकंदात परत येतो. आपण ऐकता तो प्रतिध्वनी नव्हे. तो निनाद आहे, भिंतीभिंतींवरून वारंवार परतलेल्या आवाजांची खिचडी.

यारीवाल्याच्या 'डुबुक'विषयी मी काही बोलत नाही. दगड पडायला लागलेल्या वेळेवरून पाण्याची पातळी काढता येते, पण त्यात मुख्य काम गुरुत्वाकर्षणाचे असते. गाळाची जाडी त्या आवाजात कुठेच नसते.

खोली हवी असेल तर आवाज पाण्यातच निर्माण झाला पाहिजे आणि पाण्यातच ऐकला गेला पाहिजे.

दोरखंड

गुरुजींनी आवाजाचा निकाल लावला, हे उत्तम झाले. आमच्या आजोबांच्या आजोबांपासून विहिरी दोरीनेच मोजल्या गेल्या. दूधगंगा काहिलीत, म्हणजे गूळ आटवायच्या मोठ्या कढईत, बसून ओलांडायचे तेव्हा पुढे बसलेला माणूस वेळूची काठी खुपसत जात असे आणि तळ कुठे आहे, तो वाळूचा की चिखलाचा, हे हाताच्या अंदाजाने सांगत असे. दूधगंगाकाठ, दोरीने तीन उत्तरे दिली हा दोरीचा दोष नाही, आपल्या धोंड्याचा आहे. यंत्राने दोरीपेक्षा चांगले उत्तर दिले तर अर्धा किलो कुंदा, आपली बेळगावची मिठाई, माझ्याकडून.

कुंदाप्रेमी

या पैजेचा साक्षीदार म्हणून माझे नाव नोंदवावे. साक्षीदाराला पाव किलो मिळण्याची प्रथा आहे.

येळ्ळूरचा_खलाशी

दोरीचा अपमान मीही करणार नाही, कारण माझी सारी नोकरी समुद्रावर झाली आणि दोरीची थोरवी खलाशाइतकी कोणाला ठाऊक असणार? पूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजत. दोन्ही हात पसरून दोरी ओढायची, ती एक वाव. कोकणातले मच्छीमार अजून वावेतच बोलतात. शिशाच्या बुडाला एक खळगा ठेवून त्यात चरबी भरलेली असे. वर ओढल्यावर त्या चरबीला वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटलेला दिसे, आणि अनुभवी कप्तान एवढ्यावरून जहाज कुठे आले आहे याचा तर्क करत असे. आवाजाला असा नमुना वर आणता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

पण खोल पाण्यात दोरी हरते. खाली जाता जाता दोरीचेच वजन इतके वाढते की शिसे टेकले तरी वर समजत नाही, आणि प्रवाह असेल तर दोरी तिरपी जाऊन खोली उगाच जास्त भरते. 'चॅलेंजर' जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभर समुद्र मोजत फिरले, तेव्हा एकेका ठिकाणी वजन सोडून वर घ्यायला तासन्‌तास जात. साडेतीन वर्षांत खोल समुद्रातल्या काहीशे जागाच मोजून झाल्या.

१९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर हिमनगाची चाहूल आवाजाने लागेल का, याचे प्रयत्न सुरू झाले. जर्मनीतल्या अलेक्झांडर बेमने १९१३ मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे पेटंट मिळवले आणि अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेंडेनने १९१४ मध्ये हिमनगावरून आणि समुद्रतळावरून परतलेला आवाज प्रत्यक्ष टिपला. त्यानंतर 'मेटेऑर' या जर्मन जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिकमध्ये ६७,००० हून अधिक खोल्या नोंदवल्या. चालत्या जहाजातून! दोरी कुठे आणि हे कुठे.

मारियाना गर्तेचा सर्वांत खोल भाग सुमारे १०,९०० मीटर आहे. तिथे आवाज सोडला की उत्तरासाठी साडेचौदा सेकंद थांबावे लागते. तेवढ्यात पानाला चुना लावून होतो.

वर्गातला_फळा

खलाशीबुवांच्या माहितीत एक भर घालतो, कारण त्याआधी पाण्यातल्या आवाजाचा वेग माहीत असणे आवश्यक होते. १८२६ मध्ये कोलाडाँ आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हा सरोवरात तो मोजला. एका नावेवरून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडवायचा. १३ किलोमीटरहून दूरच्या दुसऱ्या नावेतला माणूस भडका दिसताच घड्याळ सुरू करी आणि पाण्यात बुडवलेल्या कर्ण्यातून घंटा ऐकू येताच थांबवी. ८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्यांना सेकंदाला १४३५ मीटर हे उत्तर मिळाले आणि ते आजच्या मोजमापाहून जेमतेम चार मीटरनी कमी आहे. वर्गात हा प्रयोग सांगितला की शेवटच्या बाकावरची मुलेही मान वर करत असत.

आता खोलीचे सूत्र अगदी सोपे आहे: वेग गुणिले वेळ, भागिले दोन. दोनने भागायचे विसरले की विहीर दुप्पट खोल होते. परीक्षेत निम्मा वर्ग दरवर्षी अशा विहिरी खोदत असे.

दोरखंड

माहिती उत्तम आहे. पण दूधगंगाकाठ यांची विहीर म्हणजे अटलांटिक महासागर नव्हे. तिथे प्रवाह नाही, जहाज नाही, खोली पंचवीस फूट. मुद्द्यावर यावे.

गाळसर्वेक्षक

मुद्द्यावरच येतो. जलाशयांतल्या गाळाची पाहणी करण्यात माझी नोकरी संपली, त्यामुळे हा धागा पाहून हात शिवशिवले.

धरणाची क्षमता कागदावर जी लिहिलेली असते ती बहुधा बांधकामाच्या वेळची असते. हिडकलची क्षमता ५१ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थची जवळपास ३८ टीएमसी, असे आपण वर्षानुवर्षे वाचतो. पण दर पावसाळ्यात घटप्रभा आणि मलप्रभा माती आणतात आणि ती माती कुठेतरी बसतेच. ती किती बसली हे कळायला जलाशय भरलेला असताना नाव घेऊन एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठरावीक रेषांवर जायचे. नावेच्या कडेला पाण्याखाली आवाज सोडणारी आणि ऐकणारी एकच चकती बसवलेली असते. ती सेकंदाला अनेकदा स्पंद सोडते, उपग्रहावरून नावेची जागा कळते आणि त्या दिवशीच्या पाणीपातळीतून खोली वजा केली की तळाची उंची मिळते. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात वारा सुटला की नाव रेषेवर राहत नाही, लाटांबरोबर चकती वरखाली होते आणि दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही.

सकाळी काम सुरू करण्याआधी 'बार चेक' करायचा, हा आमचा नित्यनेम होता. लोखंडी पट्टी खुणा केलेल्या साखळीने चकतीच्या खाली बरोबर पाच मीटरवर सोडायची आणि यंत्र पाच दाखवते का ते पाहायचे. मग दहावर, मग पंधरावर. कारण वेग पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो: गोड्या पाण्यात १५ अंशांना साधारण १४६६ मीटर, २५ अंशांना १४९७ मीटर. यंत्रात १५०० भरलेले असेल आणि पाणी थंड असेल, तर ४० मीटर खोलीत जवळपास एक मीटर फरक पडतो आणि तेवढ्या फरकात गाळाचा अख्खा हिशेब बुडू शकतो. म्हणजे पाहा, दोरखंडराव, आवाजालाही रोज सकाळी साखळीसमोर हजेरी द्यावी लागते.

मात्र खरी अडचण वेगाची नसते. 'तळ' कशाला म्हणायचे, हीच खरी अडचण असते. जलाशयाच्या तळाशी वरचा थर ताकासारखा पातळ चिखल, त्याखाली दह्यासारखा, त्याखाली घट्ट माती आणि मग मूळ जमीन असते. २०० किलोहर्ट्झचा बारीक आवाज ताकावरूनच परत फिरतो. २४ किंवा ३३ किलोहर्ट्झचा जाड आवाज ताक-दही ओलांडून घट्ट थरापर्यंत जातो. म्हणून आम्ही दोन्ही एकदम सोडत असू. दोन उत्तरांतला फरक म्हणजे वरच्या मऊ गाळाची जाडी. एकाच जागी दोन खोल्या, आणि दोन्ही खऱ्या.

एकदा एका जलाशयात सपाट तळावरून नाव जात असताना आलेखात अचानक चौकोनी उंचवटा आला आणि लगेच गेला. नाव वळवून पुन्हा गेलो, तर तो तिथेच होता. नावाडी स्थानिक होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तिथं आमच्या चुलत्याचं घर होतं." त्यानंतर त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही.

हुक्केरीची_लेक

गाळसर्वेक्षक काका, शेवटचा परिच्छेद वाचून गलबलले. माझे माहेर हिडकलच्या पाण्यालगत आहे. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर धरणात गेलेले आहे. पाणी भरले की ते बुडते आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की पुन्हा दिसू लागते. लहानपणी आम्हाला धरणात किती पाणी आहे हे टीएमसीत कधी कळले नाही. "देवळाचे शिखर दिसायला लागले" म्हणजे कमी, "पायरीपर्यंत जाता येते" म्हणजे फारच कमी, एवढे मोजमाप पुरत असे.

आता कामाचे बोलते. माझ्या भावाकडे मासे शोधायचे तरंगते यंत्र आहे. ते चेंडूएवढे असते, दोरीला बांधून पाण्यावर सोडायचे, की मोबाइलच्या पडद्यावर खोली आणि मासे दिसतात. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते आणि पाण्यातून आलेला आवाज त्या हवेवरून चांगलाच परततो, म्हणून मासा दिसतो, असे भाऊ सांगतो. गुरुजींनी पाणी आणि हवेच्या सीमेविषयी जे सांगितले तेच इथे उलट बाजूने कामाला येते, असे मला वाटते. बरोबर आहे का, गुरुजी?

दूधगंगाकाठ दादा, हवे असेल तर भाऊ रविवारी निपाणीला येणार आहे, यंत्र पाठवते.

वर्गातला_फळा

अगदी बरोबर, ताई. पैकीच्या पैकी गुण.

येळ्ळूरचा_खलाशी

माशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खोल समुद्रात पाणबुड्या शोधणाऱ्यांना काहीशे मीटरवर एक तळ दिसू लागला, जिथे नकाशाप्रमाणे कित्येक हजार मीटर पाणी होते. शिवाय हा तळ संध्याकाळी वर यायचा आणि पहाटे खाली जायचा. अखेर उलगडा झाला की तो तळ नसून लहान मासे आणि इतर जीवांचा दाट थर होता, जो रात्री चरायला वर येतो. तेव्हा दूधगंगाकाठ, आपल्या विहिरीचा तळ दिवेलागणीला वर आला, तर घाबरू नये.

टिळकवाडी_०९

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे कळावे म्हणून मी ४० किलोहर्ट्झचा साधा श्राव्यातीत सेन्सर बसवला होता, तो अनुभव सांगतो, म्हणजे विहिरीवर कोणी तोच प्रयोग करणार नाही.

हा सेन्सर हवेत आवाज सोडतो, त्यामुळे गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. पहिल्या आठवड्यात तो उत्तम चालला. मग एके दिवशी टाकी अखंड भरलेली दिसू लागली, आई निश्चिंत राहिली आणि केसांना शॅम्पू लावलेल्या अवस्थेत ताईच्या नळाचे पाणी गेले. वर जाऊन पाहिले तर सेन्सरच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले होते आणि जाळ्यावर वाफेचे थेंब धरले होते. जाळे काढून जलरोधक सेन्सर ऑनलाइन मागवला, तर विक्रेत्याने पाठवलेला पहिला नग बंदच निघाला. दुसरा चालला, पण त्याला २५ सेंटिमीटरच्या आतले काहीच दिसत नाही, कारण आवाज सोडल्यावर त्याची चकती काही क्षण स्वतःच थरथरत असते आणि त्या वेळात आलेले उत्तर तिला ऐकू येत नाही. टाकी काठोकाठ भरली की तो भलतेच आकडे दाखवतो. घरात माझ्या शिक्षणाविषयी त्या काळात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

विहिरीत आणखी एक अडचण येईल. आवाज सरळ रेषेत जात नाही, तो शंकूसारखा पसरतो आणि वाटेत आलेल्या पायरीवरून किंवा पाइपवरूनही परततो.

अथणी_कोरडवाहू

तुम्हा सर्वांकडे मोजायला पाणी आहे, हे वाचून आनंद झाला. आमच्याकडे आधी पाणाड्या नारळ घेऊन फिरतो, मग बोअर मारतो आणि मग पाणी नेमके कुठे आहे याचा शोध सुरू होतो. सहाशे फुटांच्या बोअरमध्ये पाण्याची पातळी आवाजाने कळते का? आत मोटार, पाइप आणि वायर आहे, त्यामुळे दोरी सोडली तर अडकते.

गाळसर्वेक्षक

बोअरच्या तोंडावर बसवून आवाजाचा स्पंद खाली सोडणारी यंत्रे आहेत. पण केसिंगचे सांधे आणि मोटारीच्या पाइपचे कपलिंग हेही आपापले प्रतिध्वनी पाठवतात, म्हणून वाचणारा जाणकार लागतो. त्यापेक्षा पुढच्या वेळी मोटार वर काढाल तेव्हा पाइपाला बांधून एक बारीक प्लॅस्टिक नळी मोटारीपर्यंत सोडून ठेवा आणि तिची लांबी लिहून ठेवा. वरून सायकलच्या पंपाने हवा भरायची. नळीतले पाणी बाहेर ढकलले गेले की दाबमापकाचा काटा स्थिर होतो. काटा २ किलो दाखवत असेल, तर नळीच्या टोकावर २० मीटर पाणी आहे. नळीच्या लांबीतून ते वजा केले की पातळी मिळाली. यात प्रतिध्वनी नाही आणि खर्चही थोडा आहे.

अथणी_कोरडवाहू

हे जमण्यासारखे आहे. आभारी आहे, साहेब. दाबमापकाचा काटा हलला तर नारळ तुमच्या नावाने फोडतो.

दोरखंड

दूधगंगाकाठ, यंत्र रविवारी येणारच आहे, तर त्याच दिवशी माझीही एक रीत करून पाहावी, म्हणजे पैज न्यायाने होईल. धोंडा सोडून द्या. दोरीला भाकरीचा जुना लोखंडी तवा आडवा बांधा, तीन ठिकाणी भोके पाडून, तराजूच्या पारड्यासारखा. तवा सपाट असल्यामुळे गाळावर टेकून थांबेल. मग दुसऱ्या दोरीला पहार उभी बांधा आणि तिला दोन-चार वेळा उचलून सोडा. ती गाळ भेदून घट्ट जागेवर जाईल. पहारीच्या मापातून तव्याचे माप वजा केले की गाळ किती ते कळेल. यारीवाल्याच्या कानाची गरज उरणार नाही.

गाळसर्वेक्षक

दोरखंडराव, आपण आवाजाचे विरोधक म्हणवता आणि आमची दोन कंप्रतांची (बारीक आणि जाड आवाजाची) रीतच लोखंडात उतरवून दाखवता! तवा म्हणजे आमचा २०० किलोहर्ट्झ आणि पहार म्हणजे २४ किलोहर्ट्झ. मासे शोधायच्या यंत्रात बहुधा बारीक आवाजच असतो, त्यामुळे ते तव्याशी जुळेल. पहारीचे काम त्याच्याकडून होणार नाही.

दूधगंगाकाठ यांना दोन सूचना देतो. यंत्रात शंकू अरुंद करायची सोय असेल, तर अरुंदच ठेवा. २० अंशांचा शंकू साडेसात मीटर खोलीवर सुमारे २.६ मीटर रुंद होतो, तो आपल्या विहिरीत मावतो. ४५ अंशांचा सव्वासहा मीटर होतो आणि आपली विहीर आहे सहा मीटरची. दुसरे असे की मोटार बंद ठेवा आणि फूटव्हॉल्व्हच्या पाइपापासून दूर राहा. तापमानाचा विचार या खोलीला करू नका, फरक अर्ध्या इंचाच्या आसपास राहील.

दूधगंगाकाठ

रविवारचा वृत्तांत देतो. उशीर झाला, कारण निष्कर्ष लिहिण्याआधी घरातल्या एका गोष्टीची खात्री करायची होती.

सकाळी नऊ वाजता ताईंचे बंधू यंत्र घेऊन आले. माझा पुतण्या ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून मध्यभागी गेला आणि आम्ही काठावर मोबाइल धरून बसलो. पहिलाच आकडा आला ११ फूट. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, यारीवालाही पाहायला आला होता आणि तो हसला. मग लक्षात आले की यंत्र वाहत कडेला गेले होते आणि भिंतीतून पुढे आलेल्या पाण्याखालच्या पायरीवरून आवाज परतत होता. शंकू अरुंद केला, पुतण्याने दोरी धरून यंत्र मध्यावर आणले आणि आकडा २४.२ वर आला. जागा थोडी बदलली तरी तो २४ ते २४.४ यांच्यातच राहिला. एकदा पडद्यावर ९ फुटांवर लहानसा कमानीसारखा ठिपका येऊन गेला. पुतण्या म्हणतो मासा, आई म्हणते कासव, कारण आजोबांनी एक सोडले होते.

मग तवा. आईने तो देताना "परत आणा" असे दोनदा बजावले. तीन वेळा सोडला: २४ फूट ३ इंच, २४ फूट २ इंच, पुन्हा २४ फूट ३ इंच. पहार टाकली, उचलून चार वेळा आपटली. ती २८ फूट ९ इंचांवर जाऊन ठणकली. दोरीतून हाताला तो ठणका स्पष्ट लागला, खाली दगड आहे यात शंका नाही.

म्हणजे गाळ साडेचार फूट. २० फूट व्यासाला १४१३ घनफूट, सुमारे १४ ब्रास. ३१ नव्हेत. यारीवाल्याने तवा स्वतः एकदा सोडून पाहिला आणि काही न बोलता नवा आकडा लिहून दिला.

मात्र एक गोष्ट मला झोपू देईना. पहार ठणकली ती काठापासून ५० फूट ९ इंचांवर, आणि नऊ परस म्हणजे ५४ फूट. मग सव्वातीन फूट गेले कुठे? खाली दगडांचा ढीग आहे की काय? काल आत्याला फोन केला आणि आजोबा किती उंच होते असे विचारले. आत्या म्हणाली, "उंची कोणी मोजली होती रे? पण माजघराच्या दारातून ते डोके न वाकवता जायचे, केस तेवढे घासायचे." मी टेप घेऊन ती चौकट मोजली. ५ फूट ९ इंच भरली.

वर्गातला_फळा

केसांसाठी एक इंच वजा करा. ५ फूट ८ इंच गुणिले ९, बरोबर ५१ फूट. पहारीशी तीन इंचांचा फरक उरतो.

गाळसर्वेक्षक

आजोबांचा बार चेक झाला.

दोरखंड

तवा आणि यंत्र यांच्यात एका इंचाचाही फरक नाही, म्हणून पैज बरोबरीत सुटली असे मी मानतो. कुंद्याचे पैसे निम्मे निम्मे. पहारीचे काम यंत्राने केले नाही, हे नोंदवून ठेवावे.

हुक्केरीची_लेक

भाऊ सांगत होता की यंत्र परत देताना तवा त्याच्याच पिशवीत आला आहे. आईंना सांगा, पुढच्या रविवारी पाठवते.

कुंदाप्रेमी

साक्षीदाराच्या पाव किलोचे काय झाले?